मेंदू गेला म्हणण्याआधी



समाजाच्या पैशाचा हिशेब समाजापुढे ठेवायचा, ही आपल्या चळवळीची शिस्त आहे. म्हणून हा लेख. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर फिरणाऱ्या आमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी गेल्या पावसाळ्यात वर्गणी काढली. कोणी दहा दिले, कोणी पन्नास, एका आजीने चिकूच्या वाडीतली एका दिवसाची मजुरी दिली. त्या पैशांतले नऊ हजार रुपये आम्ही वाया घालवले. आम्हाला कोणी लुबाडले नाही. ज्या माणसाला खरे माहीत होते त्याचे आम्ही ऐकले नाही, म्हणून ते गेले. रकमेपेक्षा हे कारण जास्त गंभीर आहे.

आम्ही म्हणजे चार कार्यकर्ते. हे लिहिणाऱ्याने समाजशास्त्रात एमए केले आहे, बाकीचे दोघे पदवीधर आणि एक डीएड. जुनी, दुसऱ्या हाताची, आठ सीटची एक डिझेल गाडी आम्ही मिळून घेतली. संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला शिकवणारे पोहोचवणे, जातीच्या दाखल्यासाठी लोकांना तहसीलला नेणे, दहावीच्या मुलांना परीक्षा केंद्रावर सोडणे आणि रात्री-अपरात्री पेशंट, ही तिची कामे. या भागातला कोणताही कार्यकर्ता सांगेल की गाडी बंद म्हणजे निम्मे काम बंद.

जुलैमध्ये ती दगा देऊ लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, गाडी चालता चालता बंद पडायची आणि वीस मिनिटांनी काहीच झाले नाही अशी सुरू व्हायची. मग ती रात्र आली. उधव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून बाळंतपणासाठी एका ताईंना घेऊन आम्ही तलासरीकडे निघालो होतो. धो धो पाऊस. वाटेत गाडी मेली. मोबाइलला रेंज नाही. सासूबाई मागच्या सीटवर सुनेचा हात धरून बसलेल्या. चाळीस मिनिटांनी भाजीचा रिकामा टेम्पो आला आणि त्या ताई टेम्पोतून रुग्णालयात गेल्या. पोहोचल्यावर अर्ध्या तासात बाळंत झाल्या. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत. पण टेम्पो आला नसता तर? हा प्रश्न आम्हाला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत हायवेवरच्या एका छोट्या गॅरेजात नेली. तिथे काम करणारा वारली समाजाचा, आयटीआय केलेला. आम्ही त्याला 'तो पोरगा' म्हणत होतो. पुढे कळले की तो तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप आहे. त्याने बॉनेट उघडले, ईसीएमचा कपलर काढून बोट फिरवले आणि बोट आम्हाला दाखवले. ओले होते.

"सर, ईसीएम खराब असंल, नसंल. पण पाणी कुठून येतंय ते आधी बघू. दोन दिवस गाडी ठेवा."

आम्ही मान हलवली आणि गाडी डहाणूच्या मोठ्या गॅरेजात नेली. तिथे काचेचे ऑफिस होते, स्कॅनर होता.

ईसीएम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ॲल्युमिनियमच्या चपट्या डब्यात बसवलेला तो एक छोटा संगणक असतो. क्रँक किती वेगाने फिरतो, हवा किती येते, इंजिन किती तापले, ड्रायव्हरने पेडल किती दाबले, ही माहिती त्याच्याकडे सेन्सरमधून येते. त्यावरून तो कोणत्या इंजेक्टरने किती डिझेल कोणत्या क्षणी सोडायचे ते ठरवतो. म्हणून गॅरेजवाले त्याला गाडीचा मेंदू म्हणतात.

डहाणूच्या गॅरेजात स्कॅनर लावला. चार-पाच सेन्सरचे कोड एकदम आले आणि त्यात पी०६०६ हा कोडही होता. या कोडचा अर्थ ईसीएमच्या प्रोसेसरमध्ये दोष. दहा मिनिटांत निकाल लागला : "मेंदू गेला. बदलावा लागेल." एका अधिकृत वर्कशॉपकडून नव्याचा भाव काढला, तर प्रोग्रामिंगसह बासष्ट हजार. तेवढे पैसे नव्हते. मग गॅरेजवाल्याने भंगारात निघालेल्या गाडीचा ईसीएम नऊ हजारांत आणून दिला. परत घेणार नाही या अटीवर. तो बसवला. स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. डॅशबोर्डवर चावीचे चित्र नुसते लुकलुकत राहिले.

हे असे का झाले? आजच्या गाड्यांत चोरीपासून संरक्षण म्हणून इममोबिलायझर असतो. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिचा क्रमांक गाडीत नोंदलेला असतो आणि ईसीएमला तो पटला तरच डिझेल सुटते. दुसऱ्या गाडीतून काढलेला ईसीएम आपल्या चावीला ओळखत नाही. त्याशिवाय डिझेल गाडीच्या प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. त्या इंजेक्टरचा बारीकसा फरक सांभाळून घेण्यासाठी तो कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. म्हणजे डबा बदलला की काम संपत नाही, आतली माहितीही जुळावी लागते. आमच्या बाबतीत तर डब्यावरचा पार्ट नंबरच शेवटच्या दोन आकड्यांत वेगळा होता. तो आमच्या गाडीला चालणाराच नव्हता. नऊ हजार गेले ते असे.

मान खाली घालून आम्ही हायवेवरच्या गॅरेजात परत गेलो. तो काही बोलला नाही. हात पुसले आणि मल्टिमीटर काढला. त्याने जे केले ते क्रमाने लिहितो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी गाडीवर हीच वेळ येईल.

आधी बॅटरी. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट, स्टार्टर मारताना दहाच्या खाली गेली नाही, म्हणजे बॅटरी ठीक. जुना ईसीएम परत लावून गाडी कशीबशी सुरू केली, तेव्हा चौदा, म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग ईसीएमचे फ्यूज आणि मेन रिले. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहिला नाही, टेस्ट लॅम्प लावून करंट खरोखर पुढे जातो का ते पाहिले. मग अर्थिंग. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या पिनला लावून आम्हाला स्टार्टर मारायला सांगितले. फरक ०.०५ व्होल्ट. "हा दोन पॉइंटच्या वर असता तर अर्थ खराब. तेवढ्यावरून लोक ईसीएम बदलतात," तो म्हणाला.

त्यानंतर पाच व्होल्ट. बऱ्याच सेन्सरना ईसीएम स्वतःच पाच व्होल्टचा पुरवठा करतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा सोललेली वायर बॉडीला टेकली की तो पुरवठा खाली बसतो आणि धडधाकट सेन्सरही खराब असल्याचे कोड येऊ लागतात. कोड तक्रार सांगतो, तिचे कारण आपल्याला शोधावे लागते. आमच्या गाडीत पाचच्या जागी तीन व्होल्ट येत होते आणि काटा नाचत होता. त्याने एकेक सेन्सर काढला. सगळे काढले तरी तीनच. वायरी तपासल्या, कुठेही बॉडीला टेकलेल्या नव्हत्या. चालू गाडीत डब्यावर बोटाने हलकेच टकटक केली आणि इंजिन बंद पडले.

"आता म्हणा, ईसीएम गेला."

म्हणजे डहाणूच्या गॅरेजचा निकाल चुकीचा नव्हता. पण तो न तपासता दिलेला निकाल होता. न तपासता दिलेला निकाल बरोबर निघाला तरी त्याचा उपयोग नसतो, कारण तो कारण सांगत नाही. कारण या माणसाने शोधले. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी खाली जायला एक नळी असते, ती कुजलेल्या पानांनी तुंबली होती. पाणी वायरिंगवरून ओघळत ईसीएमच्या कपलरमध्ये उतरत होते. पिनांवर हिरवा गंज. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, पंधरा मिनिटे थांबून त्याने डबा काढला आणि उघडला. आतल्या बोर्डाची एक बाजू पांढरी-हिरवी पडली होती. आम्ही बासष्ट हजारांचा कोरा ईसीएम बसवला असता तरी पुढच्या पावसाळ्यात त्याचेही हेच झाले असते.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते. दर पौर्णिमेला आम्ही हे सांगतो. आमच्या बॉनेटखाली ते आम्हाला दिसले नाही.

पुढचे काम सरळ होते. त्याने पार्ट नंबरचा आकडा न् आकडा जुळवून दुसरा वापरलेला ईसीएम शोधला, अकरा हजारांना. वापीला एक जण जुन्या डब्याच्या मेमरीतली माहिती जशीच्या तशी दुसऱ्या डब्यात उतरवून देतो, त्याचे चार हजार. त्याने आधी आरसी बुक मागितले, गाडी आमचीच आहे ना ते पाहिले आणि मगच काम हाती घेतले. नशीब की जुना डबा आजारी असला तरी त्याची मेमरी वाचता आली. इंजेक्टरचे कोड, चावीची ओळख, सगळे उतरले. कपलरच्या नव्या पिना आणि वायर बाराशे. नळी साफ केली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

मजुरी विचारली तर म्हणाला, "पाचशे द्या." तीन दिवसांच्या कामाचे पाचशे! आम्ही अडीच हजार दिले. तेही कमीच होते.

तर हिशेब असा. ईसीएम अकरा हजार, माहिती उतरवणे चार हजार, पिना-वायर बाराशे, मजुरी अडीच हजार, एकूण अठरा हजार सातशे. त्यावर वाया गेलेले नऊ हजार, म्हणजे सत्तावीस हजार सातशे. ते नऊ हजार आम्ही चौघे स्वतःच्या खिशातून तीन महिन्यांत भरणार आहोत. पावत्या अभ्यासवर्गाच्या खोलीत लावल्या आहेत. कोणीही पाहाव्यात.

आता मुद्द्याचे. पहिल्या दिवशी आम्ही त्याचे का ऐकले नाही?

त्याच्याकडे स्कॅनर नव्हता, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. खोटे होते ते. त्याने ओले बोट दाखवले होते, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? खरे कारण वेगळे आहे. तो उकिडवा बसून काम करतो. थोडे बोलतो. मराठी आमच्यासारखी बोलत नाही. गॅरेजला धड पाटी नाही. आणि तो वारली आहे. 'याला काय कळणार' असे आम्ही मोठ्याने म्हटले नाही. पण गाडी डहाणूला नेली, यातच ते म्हणून झाले. ज्ञानबंदीवर तासभर भाषण देणारे आम्ही! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली, तिचा अर्थ वरच्याने खालच्याला दाबणे एवढाच नाही. प्रत्येक पायरीवरच्याला खाली पाहायला आणखी एक पायरी मिळते, म्हणून ती उतरंड टिकते. त्या दिवशी आम्ही त्या उतरंडीतली एक पायरी होतो.

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त मांडले. त्याच्याही आधी, १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या काळात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? कारण काय, तर धाग्याला तोंड लागते, विटाळ होतो. अस्पृश्य माणसाला विणता येत नाही असे कोणी सिद्ध केले नव्हते. त्याला मागापर्यंत पोहोचूच दिले नव्हते. पुढे १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले. त्यात अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत अप्रेंटिस म्हणून घ्या, अशी मागणी आहे. हातात पुस्तक आणि हातात पाना, दोन्ही त्यांना हवे होते. आपण पुस्तक उचलले आणि पाना धरणाऱ्याला 'पोरगा' म्हणू लागलो.

हे तलासरीत घडावे, याची लाज जास्त वाटते. १९४५ मध्ये याच मुलखात, झरीच्या सभेपासून, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. आपले हात फुकट राबणार नाहीत, असे सांगणारे ते लोक. त्यांचा नातू आज तीन दिवसांच्या कामाचे पाचशे मागतो, कारण आपल्या डोक्याचीही मजुरी असते हे त्याला कोणी कधी सांगितलेच नाही.

कुलूप आणखी एक आहे, ते कंपन्यांच्या हातात आहे. आमच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा या मिस्त्रींना कुठे मिळत नाही. त्यांनी तो स्वतः वायर मागे वायर धरून वहीत काढला आहे. ती वही आम्ही पाहिली. कंपन्या म्हणतात, कुलूप चोरीसाठी आहे. ठीक आहे, चोरासाठी कुलूप हवेच. पण मालकाच्या घराची चावी कुलूप बनवणाऱ्याकडेच का? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे. ती खुली करा, असाही आदेश होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहने आहेत. आपल्या संघटना आरक्षणावर बोलतात, शिष्यवृत्तीवर बोलतात. या हक्कावर कोण बोलणार? छोट्या गॅरेजांत राबणारे हात बहुतेक कोणाचे आहेत, ते हायवेवर चारोटी ते आच्छाडपर्यंत एकदा पाहून या.

शेवटी आमच्या अभ्यासवर्गाची गोष्ट. घरी वारली बोलणारे मूल पहिलीत बसते, समोर पुस्तकी मराठी येते, ते गप्प राहते. आणि मोठी माणसे निकाल देतात, "डोकंच नाही." बॅटरी तपासली का? सकाळी काही खाल्ले होते का त्याने? अर्थिंग तपासले का? घरच्या भाषेत त्याच्याशी कोणी बोलले का? पाणी कुठून गळते ते पाहिले का? काही न तपासता मेंदूवर ठपका. आमच्यातल्या एकाने हेच वाक्य मागच्या वर्षी एका मुलाबद्दल उच्चारले होते. तो मुलगा आता मिस्त्रींच्या शेजारी बसून मीटर लावतो आणि आकडे वहीत लिहितो.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. काचेचे ऑफिस आणि स्कॅनरचा पडदा हीदेखील आजची मोठी माणसेच आहेत.

आम्ही ठरवले ते असे. दर रविवारी सकाळी दहा वाजता अभ्यासवर्गात मल्टिमीटरचा वर्ग चालतो. शिकवणारे तेच मिस्त्री. दर तासाचे मानधन ठरले आहे आणि ते वर्ग सुरू होण्याआधी दिले जाते. मुली निम्म्याहून जास्त आहेत. मीटर तीन आहेत, आणखी लागतील. आणि आम्ही चौघे पहिल्या रांगेत, जमिनीवर बसतो.

परवा त्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला : "सर, गाडी बंद पडली. आधी काय बघाल?" आमच्यातल्या एकाच्या तोंडातून निघून गेले, "ईसीएम." सगळा वर्ग हसला. मिस्त्रीही हसले.

अजून शिकतो आहोत.

जयभीम! जय जोहार!